जिन्यातली वायर

...आणि वर म्हणतात कसे, "वायर काय हो, भिंतीत जाते, दिसते कुणाला?" आता तुम्हीच सांगा, असं वाक्य माणसानं एकदा म्हणावं, दोनदा म्हणावं, पण आमच्या इमारतीचे खजिनदार बैठकभर ते पाढ्यासारखं घोकत होते, आणि आमचे भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, इमारतीचे अध्यक्ष बरं का, आपले मान खाली घालून बसलेले! जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण आवाज चढवणं काही जमलं नाही.

झालं होतं काय, तर जिन्यालगतची जुनी वायरिंग बदलायची होती. इंजिनिअर बाई आल्या, सगळं बघितलं, भावजींना नीट समजावलं. साधी वायर जळली की काळाकुट्ट धूर सोडते, डोळे-घसा जाळणारा. तेव्हा जिना, बोळ, तळघर, जिथून माणसांना बाहेर पडायचं असतं आणि धुराला मात्र वाट नसते, तिथं कमी धुराची घ्या. तीही जळते, पण निदान दार तरी दिसतं. गच्चीवर, अंगणात साधी चालेल. इतकं सोपं! भावजींनी बैठकीत मांडलं, तर खजिनदार... ते राहायचे तळमजल्यावर, त्यांचा जिन्याशी संबंध फक्त खाली सायकल टेकवण्यापुरता... म्हणाले, भिंतीत जाते, दिसते कुणाला? मग सगळ्यांनी जिन्याला रंग कुठला द्यायचा यावर संध्याकाळ घालवली आणि वायर आली साधीच.

पुढं एका दुपारी त्याच वायरीनं पेट घेतला. आग म्हणाल तर हातभर, पण धूर? विचारू नका. मी बाजारात, चौथ्या मजल्यावर आमच्या घरी भावजी आणि सासूबाई दोघंच. दाराखालून धूर आत यायला लागला. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून भावजींनी त्यांना पाठीवर घेतलं आणि जिन्यात पाय टाकला, तर दिवसाढवळ्या मिट्ट काळोख. स्वतःचा हात दिसेना. दिसते कुणाला, म्हणे! खोकत, भिंतीला खांदा घासत ते उतरत राहिले. मध्येच गळ्याभोवतीचे सासूबाईंचे हात सैल पडले, तरी उतरतच राहिले.

सासूबाई वाचल्या. दवाखान्यातून घरी आल्या त्या पथ्याच्या जेवणाला नावं ठेवतच आल्या. भावजी मात्र, तुम्हाला सांगते, कुठंतरी जिन्यातच राहिले. रडणं नाही, भांडणं नाही. चहात साखर नसली तरी पितात. टीव्ही बिघडला, "बरं." पाहुणे येणार, "बरं." शेवटी मी विचारलं, भावजी, होतंय काय तुम्हाला? म्हणाले, "आईचे हात सुटले तेव्हा वाटलं, ती गेली. तेव्हापासून काही वाटतच नाही."

मी उठून भांडी घासली.

मग पुन्हा बैठक. आता सगळ्यांना कंठ फुटलेला. कमी धुराची वायर बागेच्या दिव्यांना लावा, पंपाला लावा, गच्चीवर लावा! भावजी हळूच म्हणाले, "तिथला धूर आभाळात जातो. जिन्यात लावा." तर खजिनदार म्हणे, जळालेला तुकडा बदललाय, जिना आत्ताच दुसऱ्यांदा रंगवलाय, पुढं बघू, आणि तसंही... हो, तेच... भिंतीत जाते, दिसते कुणाला?

भावजी म्हणाले, "बरं." आणि तिथंच त्यांनी खजिनदारांना विचारलं, घराची अदलाबदल करता का, आईला खाली ठेवीन म्हणतो. ते तर टपूनच बसलेले! खाली डास, गाड्यांचा गोंगाट, वर कसा वारा. मी म्हटलं, अहो, भीती नाही वाटत? तर म्हणे, एकदा आग लागून गेली, आता तिथंच परत कशाला लागेल?

सामान हललं. आणि काय सांगू, खजिनदार वर जातायत न जातायत तोच वीज गेली, अंधारात जिना उतरावा लागला, कुणाच्या तरी घरी दूध करपलं होतं त्याचा वास आला... एवढ्यावर काम झालं! कोरा रंग खरवडला, आणि वरपासून खालपर्यंत कमी धुराची वायर!

परवा भावजी दाराशी खुर्ची टाकून बसले होते. खजिनदार थांबले आणि ही वायर कुठं लावावी, कुठं लावू नये, यावर बोट नाचवत त्यांनाच शिकवायला लागले. मी आतून ऐकतेय, म्हटलं आता तरी भावजी चिडतील. आणि जाता जाता खजिनदार म्हणतात, "जाऊ द्या मास्तर, तळमजल्यावरच्या माणसाला हे नाही कळायचं."

भावजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तेही खरंच."