पाखऱ्याच्या तोंडात गेलेले हात

बसा. मागच्यांनीही बसून घ्या, सतरंजी आहे अजून.

सरपंच, गुरुजी, ऊसतोड टोळीतले सगळे दादा, वहिनी, आणि समोर बसलेली माझी काकू. सरपंच म्हणाले, तू पुतणी आहेस, शिकलेली आहेस, नानांबद्दल चार शब्द बोल. आज तोंडातून शब्द फुटत नाही. आणि जे फुटतील ते काकूला आवडणार नाहीत. तरी बोलते. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

भीमराव नाना गेले. गावात कुणाची म्हैस फुगली, नाना. कुणाची गाय अडली, नाना. डॉक्टर यायच्या आधी नाना, आणि डॉक्टर गेल्यावरही नानाच. जनावर उठून उभं राहिलं की चहा घ्यायचे, आणि वर म्हणायचे, साखर तरी घालत जा की जरा. कोण आहे इथं, ज्याच्या गोठ्यात नाना आले नाहीत?

मी पुण्याला जनावरांच्या रोगाच्या प्रयोगशाळेत काम करते. नाना एकदा बघायला आले होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूचा नमुना काचेवर होता. त्यावर आम्ही एक औषध घालतो. ते फक्त त्या रोगाच्या विषाणूला चिकटतं आणि चमकतं. लागण झालेल्या पेशींत हिरवे ठिपके दिसतात. नानांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग म्हणाले, "काजव्यावानी दिसतंय गं. एवढंसं? अन् ह्यानं बैल मरतो व्हय?"

मी म्हणाले, बैल मरतो, माणूसही मरतो.

आता पाखऱ्याचं सांगते. नेकनूरच्या बाजारातून आणलेला नानांचा बैल. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी सांगते. पाखऱ्यानं वैरण सोडली. तोंडातून लाळ गळायला लागली. पाण्यावर नेलं तर पाणी घशाखाली उतरेना. सगळे म्हणाले, उसाचं कांडं अडकलंय. आपल्याकडे असंच म्हणतात. ऊस खाणारं जनावर, दुसरं काय अडकणार? मग कुणी शिंगं धरली, कुणी जीभ ओढली, कुणी जबडा फाकला. नानांनी कोपरापर्यंत हात घातला. कांडं सापडलं नाही. ते नव्हतंच. पाखऱ्या पिसाळलेला होता. त्याला कधीतरी कुत्रं चावलं असणार. बैल भुंकत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

पाखऱ्या मेला. बांधाला पुरला. आणि काही आठवड्यांनी नाना मला फोनवर म्हणाले, "पोरी, पानी गिळंना बघ. माझ्याच घशात कांडं अडकल्यावानी झालंय."

त्याच क्षणी मला कळलं होतं.

दवाखान्यात त्यांची लाळ तपासली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. काकूनं नारळ फोडला. गावभर झालं, नानांना तसलं काही नाही, मेंदूज्वर आहे. तुमचं चुकलं नाही. कोरोनात आपण सगळे तेच शिकलो. नाकात काडी घालायची, निगेटिव्ह आला की घरी जायचं. कोरोनाचा विषाणू आरएनएचा, हाही आरएनएचाच. तपासायची रीतही तीच. पण हा विषाणू मेंदूच्या पेशींत दडून बसतो. लाळेत कधी उतरतो, कधी नाही. त्या दिवशीच्या लाळेत तो सापडला नाही. एवढाच त्या निगेटिव्हचा अर्थ. नाना त्यानंतर दोन दिवसही राहिले नाहीत.

मग मी इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले आणि पाखऱ्याला उकरलं. तुम्ही बांधावर उभे राहून बघत होता. काकू मला म्हणाली, "मेलेल्या जनावराला बी सोडलं न्हाईस. आता माझ्या मालकाला पिसाळलेला म्हनवून घेऊ का मी?" तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

पाखऱ्याचा मेंदू सडला होता. काचेवर घेतला, हिरवं काहीच चमकलं नाही. त्या तपासणीला ताजा मेंदू लागतो. पण पेशी सडल्या तरी विषाणूच्या आरएनएचे तुकडे कधीकधी उरतात. ते वेगळे काढून यंत्रात वाढवत न्यायचे. असले तर दिसतात. रात्रंदिवस माझ्या मनात एकच होतं, देवा, दिसू नयेत. दिसले. पुन्हा केलं. पुन्हा दिसले.

नाना गेले. मी यंत्रात काहीही बघितलं तरी ते परत येणार नाहीत. मग कशाला उकरलं? सांगते.

नाना बोलू शकत होते तेव्हा मी विचारलं होतं, "नाना, त्या दिवशी आणखी कुणी हात घातला?"

"लई हात व्हते."

"कुणाकुणाचे?"

"सगळ्यांचेच की. बैल काय माझ्या एकट्याचा व्हता?"

एवढंच. नाव सांगितलं नाही. त्यांना कुणी एकटा दिसतच नव्हता.

ते हात इथं आहेत. या सतरंजीवर. कोयत्यानं कापलेले, ऊस सोलून भेगाळलेले. लाळेतला रोग अशाच भेगांतून आत शिरतो. मला रात्री झोप येत नाही. मी घरोघर फिरले. सगळे म्हणाले, नानांचा रिपोर्ट निगेटिव्ह होता ताई. बाबांनो, हा रोग उठला की औषध नाही. मी नानांना बघितलंय, मी पुन्हा कुणाला तसं बघू शकणार नाही. पण उठायच्या आधी लस आहे. पोटात घेत नाहीत आता, दंडात घेतात. मी घेतलीय. टोळी निघाली तरी पुढच्या सुया साखर कारखान्याजवळच्या दवाखान्यात घेता येतात. आज पहिली घ्या. दवाखान्यात न्यायला शाळेच्या फाटकाशी जीप उभी आहे.

आणि पिसाळलेला हा शब्द नानांना लागत नाही. नानांनी एका मुक्या जनावराच्या घशातलं दुखणं काढायला हात घातला होता. असा माणूस मेला म्हणून आपण जमलोय. त्यात लाज कसली?

आता उठूया. नानांसाठी दोन मिनिटं गप्प उभं राहूया. मग सगळे खाली बसतील. ज्यांचे हात पाखऱ्याच्या तोंडाला लागले, त्यांनी बसू नका. तसेच उभे राहा. मी नावं विचारणार नाही.

काकू, तू पाखऱ्याचा फेस पदरानं पुसत होतीस. तुझ्या बोटांना भेगा आहेत. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण तू खाली बसू नकोस.