उत्तम स्थितीतलं व्हायोलिन

कर सल्लागाराच्या बाहेरच्या खोलीत बेकरीवाली आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं आणि त्यातल्या नवऱ्याला आनंदाचं नुसतं भरतं आलं होतं.

“अगं, संगीतशाळेला दिलेल्या माझ्या व्हायोलिनची पावती आली! आता करात सूट!”

“नाही हो काका,” टेबलामागची मुलगी म्हणाली. “देणगी पैशाची असली तरच सूट. वस्तूच्या पावतीवर नाही मिळत.”

“मग पावती देतात कशाला?”

“वस्तू पोचली म्हणून.”

“घ्या! आणि मी इथवर नाचत आलो!”

“थांबा हो, बघू तरी.” बायकोने चष्मा चढवला. “‘एक व्हायोलिन, उत्तम स्थितीत. आमच्या शिक्षकांनी वाजवून पाहिले. स्वर अतिशय गोड.’ अहो!”

“काय झालं?”

“तुम्ही तर जन्मभर म्हणत आलात, हात चांगलाय, वाद्यातच खोट आहे!”

बेकरीवालीने फाइल तोंडासमोर धरली.

“दे ती पावती इकडे. काही उपयोगाची नाही, फाडून टाकतो.”

“हात लावू नका! इतकी वर्षं मी घसा कोरडा करून सांगत होते, ते आज कुणीतरी लेखी दिलंय!”