हौदाला अलार्म

…न्हाई न्हाई, सोनं नेलं असतं तं मी बोललो नसतो. तुम्हाला सांगतो, सोनं आमच्या घरात हायच कुठं? थोडं बँकेच्या लॉकरात आन उरलेलं मंडळीच्या, उमादेवीच्या गळ्यात, आन आमच्या उमादेवीच्या गळ्याकडं हात न्यायची छाती अख्ख्या लातुरात कोणाची न्हाई, माझी बी न्हाई. पण पाणी? सोळा सालचा एप्रिल, नळ कोरडे पडून कितीतरी दिवस झालेले, लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलं, टाकीपाशी पाच माणसं जमली की पोलीस हाकलून राहिले, आन तसल्या दिवसात माझ्या हौदातलं पाऊण बोट पाणी गेलं. हसू नका. पाऊण बोट म्हणजे दोन घागरी.

आता तुम्ही म्हणाल, शिवमूर्ती, तुला कसं कळलं? अहो, काठी हाय ना. बांबूची काठी, तिच्यावर बोटाबोटाला खूण केलेली. सकाळी उठलं, विभूती लावली, काठी हौदात सोडली, दुकानाला निघालं. गोलाईच्या बाजारात विभूती-कापराचं दुकान हाय माझं, पस्तीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाला कापूर मोजून देणारा माणूस पाणी मोजणार न्हाई? तं त्या दिवशी काठी सोडली, आन खूण खाली. मी गल्लीत आलो आन मोठ्यानं म्हणलं, "ऐकून घ्या समदे, माझ्या हौदाला चोर लागलाय."

तसं शेजारचं दार उघडलं. सरजाबाई. भिंतीला भिंत, बावीस वर्षांचा शेजार. मालक केरबा एसटीत ड्रायव्हर, ते कायम गाडीवर, आन लेक बाळंतपणाला आलेली, पंधरा दिवसांचं लेकरू घरात. दारात उभी राहून शांत म्हणली, "चोर कशाला अप्पा, मी नेल्या दोन घागरी. तुमच्या मंडळीला इचारून नेल्या. लेकीला न्हाऊ घालायचं होतं."

मी उमादेवीकडं बघितलं. उमादेवी शेवग्याच्या झाडाकडं बघून राहिली.

सरजाबाई म्हणली, "बावीस वर्षांत चोर कोणी म्हणलं नव्हतं." आन दार लावून घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद. मला बी आतून कसंतरी झालं, खोटं कशाला बोलू. दोन पावलं तं होती, जाऊन म्हणायचं की सरजाबाई, चुकलं. पण मी काय केलं? माफी मागायच्या ऐवजी अलार्म घेतला. वाटलं, हे स्वस्तात पडंल.

आन अलार्मला कारण बी होतं. उदगीरला माझ्या मेव्हण्याच्या, गुरुपादप्पाच्या लेकीचं लग्न. उमादेवी सख्खी आत्या. तीन दिवस घर बंद राहणार. आता घर बंद ठेवायचं म्हणजे काय, त्या साली? टँकर कधी येईल याचा भरवसा न्हाई, म्हणून लातुरात एक घर रिकामं राहत नव्हतं, कोणी ना कोणी दारात बसून राहिलेलं. चोर बिचारे बेरोजगार झाले असतील. आन मी हौद सोडून लग्नाला चाललो… सोनं असतं तं फिकीर केली नसती हो.

मंग सुरू झालं अलार्म बघणं. पहिला आला एका मोठ्या कंपनीचा. टाय बांधलेला. बेचाळीस डिग्रीत टाय! "अंकल, आमच्याकडं चार कॅमेरे, आठ सेन्सर, मोबाइलवर सगळं घर दिसतं, तुम्ही जगात कुठंही निर्धास्त झोपा." म्हणलं किती? म्हणला अठ्ठावीस हजार, महिन्याचे हजार वेगळे. म्हणलं बाबा, एवढ्यात माझी झोप कायमची गेली, पुढचं बोल. त्यानं फॉर्म काढला. "घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती?" म्हणलं, पाणी. तो हसला. मी हसलो न्हाई. मंग त्यानं पेन ठेवलं आन म्हणला, "अंकल, पाण्याचा ऑप्शन नाही हो यात. दागिने लिहू का?"

दुसरा गोलाईतलाच, रेडिओ दुरुस्तीवाला. हजार रुपयांत भोंगा. "मालक, कंपनीच्या नादी लागू नका. झाकण हललं की असा बोंबलतो की चोर हौदातच पडंल." म्हणलं, हौदात नको पडू दे बाबा, पाणी प्यायचं हाय. लावून बघितला. लाईट गेली की बोंबलतो. लाईट आली की बोंबलतो. आन आमच्याकडं लाईट दिवसातून किती बार जाते-येते तुम्हाला ठावं हायच. पहिल्या दिवशी गल्ली धावत आली. दुसऱ्या दिवशी निम्मी आली. तिसऱ्या दिवशी फकस्त कुत्रं आलं. भोंगा काढून परत दिला.

तिसरी कंपनी मधली. साडेसहा हजारांत सायरन, दोन सेन्सर, बॅटरी आतच, लाईटची कटकट न्हाई, आन महिन्याला तीनशे रुपयांत देखरेख. म्हणलं देखरेख म्हणजे काय? म्हणला, "सर, सायरन वाजला की आमच्या पुण्याच्या कंट्रोल रूममधून तुम्हाला फोन येतो." म्हणलं, मी घरी असलो तं सायरन मलाच ऐकू येईल, पुण्याहून कामून फोन पाहिजे? आन मी घरी नसलो तं त्या फोनचं काय करू, लोणचं घालू? तेव्हा तो शहाण्यासारखा हसला, ही माणसं शिकवूनच पाठवतात तसं हसायला, आन म्हणला, "म्हणून तर सर, आम्ही तुमच्या संपर्क-व्यक्तीला फोन करतो. ज्यांच्याकडं तुमच्या किल्ल्या आहेत आणि जे पाच मिनिटांत तुमच्या घरी पोचू शकतात."

इथं, तुम्हाला सांगतो, इथं मी अडकलो. पाच मिनिटांत कोण पोचंल? मुलगा पुण्यात. साडू मुदखेडला. मेव्हणा उदगीरला, आन तो तं लग्नघरात. डावीकडचे पाण्यापायी घर बंद करून अहमदपूरला लेकीकडं जाऊन राहिलेले. समोरचे भाडेकरू गावाकडं गेले ते गेलेच. पेन हातात घेऊन मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मनातल्या मनात चालत गेलो, आन परत फिरून भिंतीपाशी आलो. एकच माणूस.

मी लिहिलं, सरजाबाई.

हाव. जिच्यासाठी अलार्म, तिलाच राखणीला. तो म्हणला, "सर, या भरवशाच्या आहेत ना?" आन माझ्या तोंडातून आपसूक गेलं, "बिलकुल, बावीस वर्षं बघून राहिलो." मंग मलाच ऐकू आलं मी काय बोललो ते. करार किती वर्षांचा? तीन वर्षांचा. म्हणलं अहो, तवर पाऊस पडंल की. म्हणला, "पडला तर चांगलंच आहे सर, करार चालूच राहील."

किल्ल्या द्यायला उमादेवीला पाठवणार होतो. ती म्हणली, "चोर तुम्ही म्हणलात, किल्ल्या तुम्हीच द्या." गेलो. सरजाबाई लेकराला मांडीवर घेऊन बसलेली. मी किल्ल्या पुढं केल्या आन कंपनी, कंट्रोल रूम, पाच मिनिटं, सगळं एका दमात सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणली, "म्हणजे मी चोरी केली की फोन मलाच येणार." मंग कोनाड्याकडं बोट दाखवून म्हणली, "ठेवा तिथं." एवढंच. मी ठेवल्या. पण अलार्म बंद करायचा रिमोट दिला न्हाई. तेवढा शहाणपणा ठेवला. पैशाच्या कपाटाची किल्ली बी त्याच जुडग्यात होती, तिची फिकीर न्हाई. रिमोट तेवढा खिशात.

उदगीर. लग्नाचा दिवस. मांडवात गुरुपादप्पा मला धरून बसलेला. त्याचं एकच, "दाजी, उदगीर जिल्हा होतोय बगा. या पावसाळ्यात न्हाई तं दिवाळीला. कलेक्टर हितं बसंल." जागा बी ठरवून ठेवलीय त्यानं, कलेक्टर कुठं बसंल त्याची. म्हणलं बरं, तू बी अलार्म घे. म्हणला, "इचारलं होतं. ते म्हणले जिल्ह्याच्या ठिकाणीच सर्व्हिस हाय. म्हणून तं म्हणतो, जिल्हा झाला पाहिजे." घ्या. त्याला जिल्हा पाहिजे अलार्मसाठी, आन मला अलार्म मिळाला तं पाणी न्हाई.

तेवढ्यात फोन. पोरीचा आवाज, गोड. "नमस्कार सर, आपल्या झोन दोनमध्ये हालचाल झाली आहे. कृपया परवलीचा शब्द सांगा." झोन दोन म्हणजे हौद. परवलीचा शब्द मी ठेवला होता बेलपान. म्हणलं, "बेलपान." मांडवात सनई, तिला ऐकू जाईना. "बेलपान बाई, बेलपान!" एक म्हातारी उठून बेलपान आणायला गेली.

"धन्यवाद सर. आम्ही आपल्या संपर्क-व्यक्ती सरजाबाई यांना फोन केला. त्या म्हणाल्या, झाकण मीच उघडलंय."

"मंग पकडा तिला."

"सर, कुणी पकडायचं? पाच मिनिटांत पोचणाऱ्या व्यक्ती त्याच आहेत. त्या पोचल्याच आहेत. सर, त्या पुढं असं म्हणाल्या की…"

मी फोन कापला. पुढचं ऐकलंच न्हाई. आन सगळ्या मांडवादेखत, सनई नेमकी थांबलेली, मी ओरडलो, "सरजाबाईनं हौद लुटला!" पाहुणे उठून उभे. कोण सरजाबाई, कोणता हौद, नवरदेवाकडच्यांना वाटलं नवरीकडची काय भानगड हाय. उमादेवी आली, माझ्याकडं बघितलं आन हळूच म्हणली, "तुम्ही जावा. मी अक्षता टाकूनच येते. आन जाताना तोंड बंद ठेवा." अक्षता अर्ध्या तासावर आलेल्या, सख्ख्या भाचीचं लग्न, मिठाईची ताटं समोरून चाललेली, आन मी एसटीत. उभ्यानं. उदगीर ते लातूर मनातल्या मनात भांडत आलो. सोनं नेलं असतं तं बोललो नसतो, पण सरजाबाई, पाणी? माझ्याच किल्लीनं?

पोचलो तं काय बघतो. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, सरजाबाई हौदाच्या झाकणावर बसलेली. हातात मोबाइल. मला बघून म्हणली, "आलात? बरं झालं. पाठ भाजून निघाली."

म्हणलं, "हे काय?"

"नगरपालिकेचा टँकर एक दिवस आधीच आला. घराला दोनशे लिटर. तुमच्या घरी कोणी न्हाई म्हणून तो पुढं चालला होता, मंग नऊ दिवसांनी नंबर. मी कुलूप काढलं, झाकण उचललं, तसा तुमचा भोंगा बोंबलला. टँकरवाला पळून चाललेला. एका हातात पाइप, एका हातात फोन. त्या पोरीला म्हणलं, मीच उघडलंय, पाणी भरून घेऊन राहिले. ती म्हणली, मालक येईपर्यंत जागा सोडू नका. म्हणलं बरं. तवापासून बसले. तिकडं लेकरू रडून राहिलंय."

मंग उठली, पदर झटकला. "आन ऐका. दोन घागरी मी काढल्या. त्या पोरीला बी सांगितलं, दोन घागरी लिहून घे. तुमची काठी हाय, मोजा."

आन तुम्हाला सांगतो, कोणाला सांगू नका… माझा हात काठीकडं गेला. तिच्यादेखत. सवय हो. खिशातला रिमोट दाबला, झाकण उचललं, काठी सोडली, वर काढली. चार बोटं चढायला पाहिजे होतं, सव्वातीन चढलं. हिसाब चोख. ती किल्ल्या काठीच्या बाजूला ठेवून निघून गेली. मला तिथंच हौदात उडी टाकावी वाटली, पण पाणी प्यायचं हाय. लई लाज वाटली. पासष्ट वर्षांच्या माणसाला असली लाज परत वाटंल असं वाटलं नव्हतं.

उमादेवी दुसऱ्या दिवशी आली. तिनं काही इचारलं न्हाई, ते जास्त वाईट. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, बास. दोन घागरी भरायच्या आन सरजाबाईच्या दारात नेऊन ठेवायच्या, चुकलं म्हणायचं. झाकण उचललं… आन अलार्म बंद करायचा राहिला होता. सगळी गल्ली दणाणली. रिमोट घरात, मोबाइल घरात खुंटीवरच्या सदऱ्यात. कंपनी मला फोन लावून लावून थकली असणार. आन मंग नियमाप्रमाणं…

मी दोन हातात दोन घागरी घेऊन गल्लीत उभा, वरून सायरन, आन सरजाबाई दारात. कानाला फोन. माझ्याकडं बघत बोलून राहिली. "हाव पोरी. हाव, दिसून राहिला ना, समोरच हाय. दोन घागरी घेऊन चाललाय. न्हाई न्हाई, पोलीस नको पाठवू. चोर वळखीचा हाय." फोन ठेवला, घागरी घेतल्या, म्हणली, "चहा ठेवते, आधी ते बोंबलणं बंद करून या."

चुकलं म्हणायचं राहूनच गेलं बगा. पुढं पाऊस बी पडला, हौद बी भरला, पण करार चालू हाय. आता मी माझ्याच हौदाचं झाकण रिमोट विसरून उचललं की गोलाईत कळायच्या आधी सरजाबाईला कळतं, आन ती भिंतीपलीकडून इचारते, "अप्पा, किती घागरी लिहू?" मी कंपनीला म्हणलं, ते नाव तेवढं बदला. ती पोरगी गोड आवाजात म्हणली, "नक्की सर. पाच मिनिटांत पोचणारी दुसरी व्यक्ती सांगा."

आता कुठून सांगू?