भितीवरच्या लहान गोवऱ्या

…आणि शेजारची सिद्धव्वा मला म्हणते, अण्णा, गोवऱ्यात बी होतं. गोवऱ्यात. आता तुम्हीच सांगा, बियाणं कुठं असतंय? कणगीत असतंय, पोत्यात असतंय, लिंबाचा पाला घालून डब्यात असतंय. मी जन्मभर रान केलं, मंठाळच्या शिवारात तुरीची वळ माझ्याइतकी सरळ कुणाची नसती, हे मी न्हाई म्हणत, लोकं म्हणत्यात, तर बियाणं काय असतंय हे मला कुणी शिकवू नये. पण भितीला थापलेल्या शेणात? बरं, बायका ठेवत्यात, माझी आई ठेवायची, मी ऐकलंच न्हाई असं न्हाई. पण कुठल्या गोवरीत हाय आणि कुठल्या गोवरीत न्हाई, हे काय गोवरीवर लिवलेलं असतंय? आणि लिवलेलं असतं तरी मला कुठं वाचता येतंय? सांगून जायला काय झालं होतं तिला?

तिला म्हणजे आमच्या घरची. राजूबाई. पौषात गेली. त्याच्यावर मी जास्त बोलणार न्हाई, मला बोलायची सवय न्हाई, मी फक्त गोवऱ्यांचं सांगायलोय.

तर शिमगा आला. पहिलं वर्ष, घरात सण न्हाई, पुरण न्हाई. दरवर्षी होळीच्या आधी गावची पोरं गोवऱ्या चोरायला यायची आणि मी काठी घेऊन दारात बसायचो. मी शिस्तीचा माणूस. औंदा काठी घेऊन बसलो, तर कुणी आलंच न्हाई. दुःखाचं घर म्हणून. तुम्हाला सांगतो, आपल्या घरात चोरायलासुद्धा कुणी येईना म्हणलं की काय वाटतंय… जाऊ द्या. उठलो, पाटी घेतली, म्हणलं मीच नेऊन देतो.

आता गोठ्याच्या आतल्या भितीला, पावसाचा थेंब लागणार न्हाई अशा जागी, लहान लहान गोवऱ्या होत्या. तळहाताएवढ्या. मला वाटलं, तिचे हात थकले असतील. कार्तिकात तिला चार पावलं चाललं की टेकावं लागायचं, म्हणलं मोठी गोवरी थापायला ताकद राहिली नसंल, म्हणून ह्या एवढ्या एवढ्याशा. त्या बघवत नव्हत्या मला. बैलाला वैरण टाकायला गेलं की समोर त्याच, बोटं उमटलेल्या. तर त्याच आधी काढल्या. सगळ्या. एक ठेवली न्हाई. होळीवर नीट रचल्या, मी काम करतो ते नीटच करतो, आणि पेटल्या. चांगल्या पेटल्या. पण तडतड तडतड वाजायल्या. शेजारचा शरणप्पा बाजूला उभा होता, म्हणला, उद्धवराव, गोवऱ्या कामून तडतडायल्यात? मी म्हणलं, ओल असंल.

ओल. कार्तिकात थापलेल्या गोवरीला फाल्गुनात ओल. आणि हे मी म्हणलं, ज्याची वळ सरळ असती त्यानं.

मग पाडव्याच्या आदल्या दिवशी शरणप्पाची बायको आली, सिद्धव्वा. रिकामं सूप घेऊन. दारातच म्हणते, अण्णा, बी घ्यायला आले. मी म्हणलं कसलं बी? तर म्हणते, राजूअक्का दरवर्षी पाडव्याला गोवऱ्या फोडायची की, दोडक्याचं, वाळकाचं, डांगराचं, अख्ख्या गल्लीला वाटायची. आणि सरळ गोठ्यात गेली. मी मागं. भितीवर नुसते गोल गोल डाग. तिनं त्या डागावर हात ठेवला.

"अण्णा, हितल्या गोवऱ्या कुठं हायत?"

"होळीला दिल्या."

तिनं सूप खाली ठेवलं आणि गव्हाणीच्या कडेवर बसली. मग हळूच म्हणली, अण्णा, गोवऱ्यात बी होतं. आणि मला ते तडतडणं ऐकू आलं. सांगून जायला काय झालं होतं तिला?

मग काय, गल्लीला कळलं. एकेक बाई यायली. तुम्हाला सांगतो, पौषात आल्या तवासुद्धा एवढ्या रडल्या नव्हत्या. एक म्हणते, "आगं बया, तो दोडका गेला?" दुसरी म्हणते, "नुसतं मीठ घातलं तरी गोड लागायचा गं." तिसरी तर माझ्याकडं असं बघायली, जसं काय मी तिच्या पोटावर पाय दिला. आता मला सांगा, मी विचारलं ते चुकलं का? मी म्हणलं, एवढा गोड होता तर तुमच्यापैकी कुणाकडं त्याचं बी असंल की. तर सगळ्या एकमेकीच्या तोंडाकडं बघायल्या. कुणाकडंच न्हाई. म्हणत्यात, राजूअक्का ठेवायची की, मग आम्ही कशाला ठेवावं? म्हणजे ह्यांच्या येलाला लागलेला प्रत्येक दोडका ह्यांनी कवळा असतानाच कापून खाल्ला, एक वाळू दिला न्हाई, आणि अख्ख्या गल्लीचं बियाणं एकट्या बाईच्या भितीवर. आणि दोष कुणाला? मला.

गेलो मी. कुठं, म्हणून विचारू नका. बरं, सांगतो. होळीच्या जागेवर गेलो, चाळणी घेऊन. पंधरवडा उलटून गेला होता, निम्मी राख लोकांनी अंगाऱ्याला नेलेली, उरली त्यात कुत्रं झोपलेलं. कुत्र्याला उठवलं आणि चाळत बसलो. वाटलं, एखादं बी बाजूला उडालं असंल, तडतडताना उडतंय एखादं. शरणप्पा बैल घेऊन चालला होता. थांबला. माझ्याकडं बघितलं, चाळणीकडं बघितलं आणि बैल हाकत पुढं गेला. शहाणा माणूस. राखेतनं एक बी मिळालं, काळं, चपटं. हातात धरलं तर पीठ झालं.

मग हुलसूरला गेलो. प्रभुलिंगाचं बी-खताचं दुकान हाय तिथं. मी म्हणलं दोडक्याचं बी दे. तो म्हणतो, कुठलं देऊ? मला काय माहीत कुठलं? मी म्हणलं, आमच्या घरी होतं ते. आता प्रभुलिंग माणूस चांगला, हसला न्हाई. पाकीट काढून दिलं. पाकिटावर दोडक्याचं चित्र, एवढा सरळ, एवढा हिरवा, मला तर लाकडाचा वाटला. म्हणतो, अण्णा, उगवंल, लागंल, काळजी करू नका, फक्त ह्याचं बी परत धरू नका, पुढल्या साली येत न्हाई, येळच्या येळी नवं न्यायचं. म्हणजे बघा. एका सालापुरता दोडका. पाव्हण्यासारखा.

घरी आलो आणि परसात कामाला लागलो. कुदळीनं खांदलं, शेणखत टाकलं, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि परसाच्या मधोमध, जिथं ऊन चांगलं, तिथं आळी केली. वळीत. एका ओळीत, एका मापाची. बघत राहावं अशी. सिद्धव्वानं मधल्या गडग्यावरनं बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"अण्णा, हे परस हाय, तुरीचं रान न्हाई. येल कशावर चढंल? आभाळावर?"

मी म्हणलं, मला शिकवू नको. आणि ती घरात गेल्यावर आळी बुजवली. नवी केली, न्हाणीच्या मागं, गोठ्याच्या पत्र्याला लागून, सावली असती तिथं. माती उकरली तर मातीत जुन्या येलाची मुळं. म्हणजे तिची जागा तीच होती. एवढी वर्षं त्या न्हाणीत मी आंघोळ केली, भाजी त्याच न्हाणीच्या पाण्यावर पिकलेली खाल्ली, आणि जागा मला गडग्यावरनं दुसऱ्याची बायको दाखवती. सांगून जायला काय झालं होतं तिला?

आता पाणी. परसाला पाणी न्हाणीचं. घर भरलेलं होतं तवा न्हाणीतनं ओढा वाहायचा. आता व्यंकट आणि सूनबाई पल्लवी हुमनाबादला, तो तिथं कारखान्यात, आणि हितं न्हाणारा मी एकटा. एका म्हाताऱ्याच्या अंगावरनं किती पाणी खाली येणार? बादलीनं घालावं म्हणता? चैताच्या उन्हात, गल्लीतल्या बायकांच्या देखत, परसात बादली घेऊन फिरणारा गडी तुम्ही बघितलाय का? मीबी न्हाई. मग आंघोळ वाढवली. सकाळी एक, दुपारी एक, दिवस मावळताना एक. गावात झालं, उद्धवराव सोवळं पाळायलेत, बायको गेली आणि माणूस देवाला लागला. मठातले शिवय्या रस्त्यात थांबले आणि मला हात जोडून गेले. मला. मी म्हणलं, दोडक्याला पाणी हाय ते. त्यांना वाटलं मी काहीतरी खोल बोललो.

व्यंकटचा फोन आला, त्याला कुणीतरी कळवलं होतं. म्हणतो, "अप्पा, दिवसातनं तीनदा न्हायलाव म्हणं? तब्येत बरी हाय का? दोडकाच पायजे तर बाजारात मिळतोय की, मी आणून देतो." मी म्हणलं तब्येत बरी हाय, ठेव. पोरगं वाईट न्हाई. पण त्याला कसं सांगावं, मला दोडका नको होता.

आणि ती सिद्धव्वा. एक दिवस येलाला काठीचा आधार द्यायला आली, मला जमंना, माझी गाठ बैलाची, येल तुटायला लागला. ती आपली गाठी मारायली आणि मी बाजूला बसून, तुम्हाला सांगतोय तसंच तिला सांगायलो, अख्खं गाऱ्हाणं, की बघ, दोन महिने अंथरुणावर होती, एक शब्द न्हाई. जनावराचं औषध कुठं हाय ते सांगितलं, सूनबाईचं लुगडं कुठल्या पेटीत हाय ते सांगितलं, मग एवढं एक सांगून जायला काय झालं होतं तिला?

सिद्धव्वा गाठ मारायची थांबली. माझ्याकडं बघितलं न्हाई. येलाकडं बघून म्हणली,

"अण्णा, ती कामून सांगंल? तुम्हीच म्हणला होता ना तिला, पाडव्यापातूर बरी होशील."

म्हणलं होतं. बीदरच्या डॉक्टरानं मला आणि व्यंकटला बाहेर बोलावून सांगितलं होतं, ह्याच्यावर इलाज न्हाई. आम्ही दोघं तिथंच जिन्यात ठरवलं, हिला कळू द्यायचं न्हाई. आपल्याकडं कोण सांगतंय? जाणाऱ्या माणसाला कोण सांगतंय? मी आत गेलो, म्हणलं, वात हाय पोटात, पाडव्यापातूर उतरतोय. तिनं विचारलं, पाडव्यापातूर नक्की का? मी म्हणलं, नक्की. मी खोटं बोलत नसतो हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं विश्वास ठेवला. घरी आली आणि चार पावलावर टेकत टेकत गोठ्यात गेली आणि बी थापलं. पाडव्याला आपण हितंच असणार म्हणून. आपलंच काम, आपणच करणार, ते दुसऱ्याला कशाला सांगायचं? लहान होत्या गोवऱ्या त्या हात थकले म्हणून न्हाई. बियाची गोवरी लहानच थापत्यात. सिद्धव्वानं सांगितलं.

तवापासून मी ते म्हणायचं सोडलं. म्हणजे आत्ता तुमच्यापुढं म्हणलो, ते सवयीनं.

मग येल पत्र्यावर चढला. फुलं आली, पिवळी, दिवस मावळताना उघडायची. पाकिटावर होता तसाच दोडका लागला, सरळ, हिरवा. मी कुणाला म्हणलो न्हाई, पण मनात होतं की कडू निघावा. दोडका निघतोय कडू, कधी कधी निघतोय, कुणाचा काय दोष नसतोय. कडू निघाला असता तर मी गल्लीत उभं राहून म्हणलो असतो, बघा, तो दोडका गेला तो गेला. सिद्धव्वानं पहिले चार तोडून नेले, शेंगदाण्याचं कूट घालून केले, झाकून एक वाटी माझ्याकडं आणली. गल्लीतल्या दोघी-तिघी मागं. खाल्ला त्यांनी. एक म्हणते, "अण्णा, राजूअक्काच्या दोडक्यापेक्षा हा जरा कवळाच हाय की."

मी भाकरी घेतली, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायल्या. आता तुम्हीसुद्धा तसंच बघायलाव. काय सांगू तुम्हाला?

चांगला होता. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला.