मोघ्यांनी निवडलेला खेळ आम्ही घेणार नाही

मंडळी, नमस्कार.

एवढ्या थंडीत, एवढ्या धुरक्यात तुम्ही सगळे दिल्लीच्या या टोकाला, द्वारकेपर्यंत आलात. कुणी गाझियाबादहून आलंय, कुणी गुडगावहून. पार उत्तर दिल्लीतून, हिंदूरावच्या बाजूने आलेलेही काहीजण दिसतायत. मोघे असते तर त्यांनी दारातच प्रत्येकाला विचारलं असतं, मेट्रो कुठे बदललीत? आणि तुम्ही काहीही सांगितलं असतंत तरी ते म्हणाले असते, चुकलात, यापेक्षा जवळचा मार्ग होता.

मला बोलायला सांगू नका, असं मी आपल्या मराठी मंडळाच्या सबनीससाहेबांना सांगितलं होतं. रडू येईल म्हणून नव्हे. मी भांडेन म्हणून. आणि आता उभीच राहिले आहे, तर भांडणारच आहे. नलिनीवहिनी, नवरा तुमचा होता, तुमची आधीच क्षमा मागते.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी शैला गुर्जर. याच सोसायटीत राहते, विमा कंपनीतून निवृत्त झाले. आणि दर रविवारी दुपारी, या हॉलच्या मागच्या खोलीत बसून, मी वसंत मोघ्यांशी युद्ध करत आले. किती वर्षं, ते आता मोजत नाही.

मघाशी एक वक्ते फार प्रेमाने म्हणाले की, मोघे निवृत्तीनंतर वेळ घालवायला कॉम्प्युटरवर गेम खेळायचे. वेळ घालवायला? ज्या माणसाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं, तो माणूस वेळ घालवतो? त्यांच्याकडे घालवायला वेळ होता कुठे? असं कृपा करून म्हणू नका. निदान माझ्यासमोर म्हणू नका.

आज इथे दोन प्रस्ताव मांडले गेले. सबनीससाहेब म्हणाले, मागच्या खोलीत मोघ्यांचा फोटो लावू, कॉम्प्युटर झाकून ठेवू, आणि त्यांच्या आठवणीखातर वर्षभर खेळ बंद ठेवू. मोघ्यांचा मुलगा अमेय बंगळूरहून आलाय, तो म्हणाला, बाबांना जो मोठा वॉरगेम हवा होता तो मी मंडळाला घेऊन देतो, बाबांच्या नावाने. दोघंही मनापासून बोलले. मला दोन्ही मान्य नाहीत. का नाही, ते सांगायलाच उभी आहे.

आधी खेळ कसला ते सांगते, कारण बाहेर फार गैरसमज आहेत. बंदूक घेऊन धडाधड उडवायचं, ते हे नव्हे. आणि सगळं जग जिंकायचं, राजे-पंतप्रधान बदलायचे, तेही नव्हे. हे त्या दोघांच्या मधलं. समोर एका प्रदेशाचा नकाशा असतो. तुमच्या हाताखाली काही डिव्हिजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, दोन-चार पूल, एखादा रेल्वेमार्ग, आणि कधीच पुरी न पडणारी रसद. कोण कुठे जाणार, कुठला पूल धरायचा, कुठला सोडायचा, हे तुम्ही ठरवायचं. बस. लोक विचारायचे, मराठी माणसं ना तुम्ही, मग पानिपत का नाही खेळत, इथून तर ते जवळ आहे. मोघे म्हणायचे, उपाशी सैन्य मला पुन्हा बघायचं नाही. सिमेंट कंपनीच्या वाहतूक खात्यात त्यांचा जन्म गेला. पुढे काय चाललंय यापेक्षा मागून काय येतंय, हे ते आधी बघायचे.

आम्ही चौघं. एका बाजूला मोघे आणि रोहित. दुसऱ्या बाजूला मी आणि सबनीससाहेब. हो, तेच सबनीससाहेब जे आज खेळ बंद करायला निघालेत. मोघ्यांचा एक नियम होता. हुकूम देणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही. हुकूम तोंडाने द्यायचा, मोठ्याने द्यायचा, मराठीत द्यायचा. जोडीदाराने तो जसाच्या तसा पाळायचा. आणि आपली पाळी चालू असेल तेव्हा समोरच्या पार्टीने जिन्यात जाऊन उभं राहायचं. जानेवारीत सुद्धा. कानटोपी घालून जिन्यात उभ्या असलेल्या मोघ्यांना तुमच्यापैकी कितीतरी जणांनी विचारलं असेल, काका, घरात काही झालं का?

रोहित तिथे मागे बसलाय. जन्म इथला, वाढला गाझियाबादला, नोकरी आयटीत. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "काका, वो जो खाना-पेट्रोल पीछे से आता है, वो कट गया." मोघे म्हणाले, "रसद तुटली म्हण." आज त्याला रसद माहीत आहे, कुमक माहीत आहे, बगल माहीत आहे, पिछाडी माहीत आहे. बाजारात भाजी मागायला अडखळतो, पण माघार कशी घ्यायची ते शुद्ध मराठीत सांगतो.

तर, गेल्या वर्षी आमचा जुना खेळ नव्या कॉम्प्युटरवर चालेना. नवा निवडायचं ठरलं. मंडळी, मुलाचं स्थळ बघताना होत नाहीत एवढ्या बैठका आम्ही घेतल्या. एक छोटा खेळ आणला. सोपा, चकचकीत. मोघे थोडा वेळ खेळले आणि म्हणाले, "यात डोकं कुठे ठेवायचं, यार?" तो खेळ बाद.

मग मोठा आणला. त्याची नुसती माहितीपुस्तिकाच उशीएवढी. त्यात प्रत्येक ट्रक तुमचा, प्रत्येक तोफ तुमची, खेचरांचा चारा सुद्धा तुमचा. शिकण्यापुरते आम्ही चौघं एका बाजूला, शत्रू कॉम्प्युटर. आम्ही खूश झालो. एका अख्ख्या रविवारी आम्ही खेचरांना चारा पोचवला. पुढच्या रविवारीही पोचवला. कुठल्या रस्त्याने न्यायचा यावर मी आणि मोघे जोरजोरात भांडलो. दुसऱ्या रविवारच्या संध्याकाळी रोहितच्या लक्षात आलं की खेळ आम्ही सुरूच केलेला नव्हता. वर कोपऱ्यात एक बटण दाबायचं राहिलं होतं. शत्रू बिचारा दोन रविवार आमची वाट बघत बसला होता. हसा, हसा. मोघेही हसले होते. पण त्यांना तो खेळ आवडलाच होता, हे मी तेव्हाच ओळखलं.

आणि मग आणला मधला. फार सोपा नाही, फार किचकट नाही. खेचरांचं कॉम्प्युटर बघतो, पूल आपण बघायचे. नियम चहा पिता पिता सांगून होतात, पण पहिली चूक कळायला संध्याकाळ व्हावी लागते.

आता नीट ऐका. खेळ निवडताना मोघे प्रत्येक खेळाला एकच प्रश्न विचारायचे. चित्रं कशी आहेत, आवाज कसा आहे, काही नाही. ते विचारायचे, "उद्या आपल्यातला एकजण उठून गेला, तर त्याच्या खुर्चीत नवा माणूस एका दुपारी बसू शकेल का?" कारण ते दिल्लीत राहत होते. इथे माणूस बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. कुणी पुण्याला परत जातो, कुणी मुलाकडे जातो, कुणी परीक्षा पास होऊन जातो, कुणी नापास होऊन गावी जातो. या मंडळात टिकून राहिलेत किती? हात वर करू नका, मला माहीत आहे. म्हणून ते म्हणायचे, ज्या खेळात माणूस बदलला की डाव मोडतो, तो खेळ दिल्लीत चालायचा नाही.

मधल्या खेळाची परीक्षा आम्ही ठरवून घेतलीच नाही, ती आपोआप झाली. एका रविवारी मोघे डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी आले. दमलेले होते. नलिनीवहिनी त्यांना सोडायला म्हणून आल्या होत्या. मोघे म्हणाले, "नलू, तू बस माझ्या जागी. मी जरा डोळे मिटतो." वहिनींनी जन्मात कधी हा प्रकार केला नव्हता. रोहितने समजावलं. त्या "अच्छा, अच्छा" म्हणत राहिल्या. मी एका मोठ्या गावात माझं सगळं सैन्य लावून त्यांची वाट बघत होते. वहिनी त्या गावाकडे फिरकल्याच नाहीत. लांबून वळसा घालून माझ्या मागचा रस्ता घेऊन बसल्या. माझ्या डिव्हिजन गावात, आणि रसद बाहेर. आणि मला काय म्हणाल्या? "शैलाताई, एवढं मोठं गाव घेऊन तुम्हाला करायचं काय होतं?"

मोघे झोपले नव्हते. डोळे न उघडता म्हणाले, "शैलाताई, हा खेळ चालेल."

मग झालं काय? आजार वाढला. आणि मोघे फिरले. शेवटच्या महिन्यात रोज मला फोन. मोठाच घेऊ. मोठ्यात गंमत आहे. मोठ्यात खोली आहे. मी म्हणायची, मोघे, तो तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. ते म्हणायचे, शिकतील. मी म्हणायची, बिल्कुल शिकणार नाहीत.

ते शेवटचे आले त्या रविवारी चाकाच्या खुर्चीवरून आले. पुन्हा तोच विषय. म्हणाले, "मोठा घेऊ. तीन वर्षं पुरेल." आणि मी म्हणाले, "मोघे, तुमच्याकडे तीन वर्षं आहेत का?"

सबनीससाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू काही ताट भिरकावलंय. मोघ्यांनी मात्र माझ्याकडे सरळ बघितलं. म्हणाले, "नाहीत. म्हणूनच तीन वर्षांचा हवाय."

मंडळी, मला कळलं. तेव्हाच कळलं. या माणसाला संपणारं काही हातात घ्यायचं नव्हतं. अर्ध्यातून उठवलंत तरी चालेल, पण डाव मोठा पाहिजे. मृत्यूच्या तोंडावर असं बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तरीही मी नाही म्हणाले. कारण तो खेळ त्यांचा झाला असता. आमचा झाला नसता. ते मंगळवारी गेले. वाद तसाच राहिला.

आता सगळ्यांना वाटतंय की मी विरघळावं. गेलेल्या माणसाची शेवटची इच्छा, शैलाताई, आता तरी ऐका. का ऐकू? ते जिवंत असताना मी त्यांचं चुकीचं कधी ऐकून घेतलं नाही. गेले म्हणून त्यांचं चूक ते बरोबर होतं का? मी आज मान डोलावली, तर मोघेच म्हणतील, ही बाई माझ्याशी इतकी वर्षं खोटंखोटं भांडत होती की काय.

अमेय, बाळा, तुझं मन मला कळतं. पण तो मोठा खेळ आणलास तर काय होईल सांगते. आम्ही एक रविवार बसू, दुसरा रविवार बसू. मग कुणाला काम निघेल. मग त्या कॉम्प्युटरवर कुणीतरी मंडळाची आमंत्रणं टाइप करेल. तुझ्या बाबांच्या नावाचा खेळ असेल आणि खेळणारं कुणी नसेल. तुला तेच हवंय का?

आणि सबनीससाहेब. तुम्ही माझे जोडीदार. माझे वेडेवाकडे हुकूम तुम्ही मुकाट्याने पाळलेत. तुम्हाला कॉम्प्युटर झाकायचाय, कारण तुम्हाला ती खुर्ची बघवत नाही. मलाही बघवत नाही. काल संध्याकाळी मी त्या खोलीचं कुलूप काढलं आणि पुन्हा लावून घरी गेले. पण वर्षभर झाकून ठेवलेली खोली पुन्हा उघडत नाही, साहेब. तिथे सतरंज्या येतात, गणपतीचं मखर येतं, मोडके पंखे येतात. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फोटो लावा. मोठा लावा. खेळ बंद होणार नाही.

खेळ मधला येणार. याच आठवड्यात येणार. रविवारी चार वाजता बसायचं. मोघ्यांच्या खुर्चीत कुणीतरी बसायचं. नलिनीवहिनी, तुम्ही बसलात तर मला बरं वाटेल. आज उत्तर देऊ नका. महिन्याने या, वर्षाने या. नाहीच आलात तरी काही नाही, कुणी दुसरं बसेल. एका दुपारी शिकेल. पण मी कुणालाही सवलत देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

बास. माझं भांडून झालं.

आता सगळ्यांनी उभं राहायचं. ज्यांना गुडघ्यांमुळे जमत नाही त्यांनी बसूनच. मोबाइल बंद करा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

मोघे, वाद मी जिंकला. समोरचा बोलायला उरला नाही म्हणून जिंकला. असलं जिंकणं मला नको होतं. तुम्हाला माझा नमस्कार.