दुखवट्यातला वॉल्ट्झ

लुईझियानात, दर शनिवारी सकाळी जिथं गाणं-नाच रंगतो अशा एका दुकानात, सॉसेजच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. भावजयीच्या काखेत नवऱ्याचा अकॉर्डियन होता.

"ओडील, माझा भाऊ जाऊन वर्ष झालं नाही. आपल्यात दुखवट्यात वाजवतात का?"

"काल धूळ पुसताना सहज भाता ओढला, वन्सं. आम्ही लग्नात नाचलो त्या वॉल्ट्झची धून निघाली. तो गेल्यापासून काल पहिल्यांदा रडले. मग पोटभर जेवले."

"मग घरी वाजव, दार लावून."

"नाही. आज इथंच वाजवणार, मंडळी नाचायला जमली की."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. नाचता नाचता म्हणतील."

"ऐकायची नाहीसच तू. मग निदान जलद तरी वाजव. माझा भाऊ वाजवताना फार रेंगाळायचा."

"तुम्ही नाचणार?"

"छे! दुखवट्यात? ही पिशवी धर जरा. आतले नाचायचे बूट दे."