सोल्वेगबाईंचं पिवळं कार्ड

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या ग्रंथालयाच्या प्रमुख श्रीमती प्रुइट, आजच्या सत्कारमूर्ती सोल्वेगबाई टॉर्विक, आणि चर्चच्या या तळघरात जमलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

मी आर्लो हॉगन, लाकडी मासे कोरणारा. बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच मागून घेतलं. का, ते कळेलच.

बावीस वर्षं, कराचे अर्ज भरायच्या दिवसांत, फेब्रुवारी ते एप्रिल, दर शनिवारी बाई ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी फुकट बसल्या. आपण कोण? कुणी केस कापतं, कुणी गोधड्या शिवतं. डोक्यावर साहेब नाही, करातून कुठला खर्च वजा होतो ते सांगणारं दुसरं होतं तरी कोण? आणि बाईंनी नुसतं तोंडी उत्तर कधी दिलं का? सरकारी पुस्तिका उघडायच्या, पान शोधायच्या, मग पिवळ्या कार्डावर उत्तर, पानाचा आकडा, तारीख आणि सही. "माझ्यावर नको, पानावर विश्वास ठेव," म्हणायच्या. भारी किचकट बाई! हसा की. नाही? बरं.

तीन वर्षांपूर्वी मी विचारलं, मागच्या खोलीत मासे कोरतो, तर घरखर्चाचा तेवढा हिस्सा वजा करू का?

"त्या खोलीत आणखी काय होतं?"

"काही नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सासूबाई झोपतात, तेवढंच."

"मग नाही. खोली फक्त धंद्याचीच हवी."

"अहो, चारच दिवस! आणि त्या घोरतात, झोपतात कुठल्या!"

"आर्लो, पान वाच."

मी कार्ड घेतलं आणि घरी जाऊन शेगडीत टाकलं. गावभर फुशारकी मारून बसलो होतो ना, की हा खर्च वजा होणारच! पुढच्या आठवड्यात रॉस्कोच्या दुकानात केस कापताना त्याने विचारलं, "काय रे, काय म्हणाल्या बाई?" मी म्हणालो, "चालतं म्हणाल्या."

एवढंच वाक्य. तिथून ते घरोघरी गेलं. पाहुण्यांची खोली, मुलांची खोली, माझी मागची खोली, सगळ्या खोल्या कराच्या अर्जात धंद्याच्या झाल्या. कार्ड कुणीच मागितलं नाही. आपल्या गावात शेजाऱ्याला पुरावा मागणं म्हणजे उद्धटपणा.

करखात्याचं दंडाचं पहिलं पत्र गेल्या ऑक्टोबरात गोधड्या शिवणाऱ्या मार्लिसला आलं. मग रॉस्कोला. जानेवारीत आणखी तिघांना. बाईंना कुणी एका शब्दाने विचारलं नाही, भांडलंही नाही. चूक बाईंचीच असं धरून सगळ्यांनी सभ्यपणे त्यांच्याकडे जायचं बंद केलं. या वर्षी सलग सहा शनिवार त्या पेन्सिलीला टोक काढून रिकाम्या टेबलाशी बसल्या. "माझे डोळे गेलेत, लोकांच्या लक्षात आलं असावं," असं श्रीमती प्रुइटना सांगून त्यांनी काम सोडलं. आजही निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत.

माझं पत्र परवा आलं. ते आलं नसतं तर मी इथे उभा राहिलो असतो का? मला माहीत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

सोल्वेगबाई, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. हे घ्या पिवळं कार्ड. यावर लिहिलंय, 'बाई नाही म्हणाल्या होत्या.' खाली तारीख आणि माझी सही. ज्यांना पत्रं आलीत त्यांनी ते वाचावं. ज्यांना यायची आहेत, त्यांनीही.

कॉफी करणाऱ्यांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. ते 'चालतं म्हणाल्या' एवढं एक वाक्य मात्र घालू नका.